आधी वाट कुणाला?

(शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या महिला गटांच्या एकत्र बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आज मी वाहतुकीच्या कायद्यावर बोलणार आहे हे कळल्यावर तुमच्यातल्या दोघीतिघींनी मला चहाच्या वेळी विचारलंच, "ताई, हा काय आपला विषय आहे का? आपण पोटगीवर बोलतो, दारूवर बोलतो, सातबाऱ्यावर बायकांचं नाव लावण्यावर बोलतो. ट्रॅफिकचं पोलीस बघून घेतील." प्रश्न रास्त आहे. दीड वर्षापूर्वी मीही हेच म्हटलं असतं. पण मधल्या काळात एक प्रकार घडला. त्यात माझी चूक झाली. ती चूक तुमच्यासमोर सांगितल्याशिवाय पुढचं बोलणं खरं होणार नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

उसाच्या हंगामातली गोष्ट. भीमेच्या काठी, शिरूरच्या बाजूला, एका मळ्यात ऊसतोडणीची टोळी उतरली होती. बीड जिल्ह्यातली माणसं. त्यातली एक बाई दिवस भरलेली, तरी मोळ्या उचलत होती. रात्री कळा सुरू झाल्या. मी त्या दिवशी गटाच्या बैठकीसाठी शेजारच्या गावात मुक्कामाला होते. निरोप आला आणि मी धावले. गावातल्या एका पोराची जीप होती, तो लगेच तयार झाला. बाईला, तिच्या सासूला आणि मला घेऊन तो न्हावऱ्याच्या दिशेनं निघाला.

हंगामात रात्री त्या रस्त्यावरून जाणं कसं असतं ते तुम्हाला सांगायला नको. पुढे उसाचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, त्याच्या पुढे आणखी एक तसाच. ट्रॉलीला मागे दिवा नाही, साधा रिफ्लेक्टरही नाही. ट्रॅक्टरवर गाणी इतकी मोठ्यानं लावलेली की मागचा हॉर्न ऐकूच जात नाही. जीपचा पोरगा हॉर्नवरून हात काढत नव्हता. मागे बाई ओरडत होती, सासू देवाचा धावा करत होती. आणि मी, मीच त्या पोराला म्हटलं, "घाल पलीकडून. वाट बघत बसू नको."

त्यानं गाडी उजवीकडे घातली. समोरून एक मोटारसायकल आली. रांजणगावच्या एमआयडीसीतली दुसरी पाळी संपवून एक जोडपं घरी चाललं होतं. नवऱ्यानं गाडी खाली घातली, जीप थोडक्यात चुकली, पण मागे बसलेली बायको पडली आणि तिचा उजवा हात मोडला. आम्ही थांबलो. मागून आलेल्या टेम्पोवाल्यानं त्या दोघांना उचललं, आम्ही पुढे गेलो. बाळंतीण जीपमध्येच मोकळी झाली. बाळ रडलं. पण बाईचं रक्त थांबेना. सरकारी दवाखान्यात पोचलो, त्यांनी जे करायचं ते केलं आणि १०८ बोलावून पुण्याला पाठवलं. बाई वाचली. बाळही वाचलं. जीपच्या पोरावर मात्र गुन्हा दाखल झाला.

गावात संताप उसळला. जीव वाचवणाऱ्यावर केस करता? मलाही तोच संताप आला. मी एक निवेदन लिहिलं. पेशंटला नेणाऱ्या कुठल्याही वाहनाला वाहतुकीच्या नियमांतून सूट मिळाली पाहिजे, अशी मागणी केली. तुमच्यातल्या कितीतरी जणींनी त्यावर सह्या केल्या आहेत. आज मी सांगायला उभी आहे की ती मागणी चुकीची होती.

हे मला कुणा वकिलानं सांगितलं नाही. हात मोडलेल्या त्या बाईला भेटायला मी गेले होते. माफी मागायची होती. तिनं चहा केला, डाव्या हातानं. मग म्हणाली, "ताई, तुमची घाई खरी होती, मला पटतं. पण समोरून येणाऱ्या जीपमध्ये बाळंतीण आहे, हे मला कसं कळणार होतं?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मग मी कायदा वाचायला घेतला. आणि लक्षात आलं की तिनं जे विचारलं, त्याच प्रश्नावर सगळा कायदा उभा आहे.

कायद्यात काय आहे ते थोडक्यात सांगते. अग्निशमनाची गाडी किंवा रुग्णवाहिका जवळ आली की प्रत्येक चालकानं कडेला होऊन तिला मोकळी वाट द्यायची, हा नियम १९८९ पासून आपल्याकडे लिहिलेला आहे. २०१७ मध्ये वाहन चालवण्याचे नवे नियम आले. त्यात तातडीच्या वाहनांचा क्रम लावून दिला आहे. पहिली अग्निशमनाची गाडी, दुसरी रुग्णवाहिका, तिसरी पोलिसांची गाडी, आणि त्यानंतर पाणी, वीज यांसारख्या अत्यावश्यक सेवांच्या ठरवून दिलेल्या गाड्या. या गाड्या तातडीच्या कामावर असतील तर त्यांना लाल सिग्नल ओलांडता येतो, वेगाची मर्यादा ओलांडता येते, वेळ पडली तर रस्त्याच्या कडेच्या पट्टीवरून किंवा एकेरी रस्त्यावर उलट्या दिशेनंही जाता येतं. आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १९४ ई घातलं गेलं. अग्निशमनाच्या गाडीला, रुग्णवाहिकेला किंवा राज्य सरकारनं ठरवलेल्या इतर तातडीच्या वाहनाला जो वाट देणार नाही त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

एवढं वाचून कुणालाही वाटेल की रुग्णवाहिकेला सगळं माफ आहे. तसं नाही. या सवलतीला तीन अटी आहेत आणि त्या आपण पाठ करायला हव्यात. पहिली अट, काम खरोखरच तातडीचं हवं. जीव वाचवायचा असेल, आग विझवायची असेल, तरच. दुसरी, दिवा आणि सायरन चालू हवा. तिसरी, सवलत घेतानाही पूर्ण काळजी घेतली पाहिजे. सिग्नल तोडायची मुभा आहे, माणूस तुडवायची मुभा नाही. रुग्णवाहिकेच्या चालकाच्या निष्काळजीपणानं कुणी मेलं तर त्याच्यावरही इतर कुणाही चालकासारखाच गुन्हा दाखल होतो.

आता दुसऱ्या अटीकडे नीट बघा. सायरन कशासाठी? आत बसलेल्या पेशंटला त्याचा काही उपयोग नाही, उलट त्रासच होतो. तो आहे रस्त्यावरच्या इतर माणसांसाठी. मोटारसायकलवर मागे बसलेल्या त्या बाईसाठी. "मी नियम मोडत येते आहे, तू बाजूला हो" हे तिला आधी कळावं म्हणून. आमच्या जीपनं नियम मोडला, पण तिला काहीच सांगितलं नाही. साधा हॉर्न तर लग्नाच्या वरातीतल्या गाडीचाही वाजतो. म्हणून जीपला सवलत नाही. आणि जीपवर सायरन बसवावा म्हटलं तर तेही बेकायदा आहे. वेगवेगळ्या सुरांचा कर्कश हॉर्न साध्या गाडीला लावायला १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मनाई आहे.

तुम्ही म्हणाल, मग नियम बदला, सगळ्यांना परवानगी द्या. जरा मागे वळून बघू. ज्यांना अशी सूट सैलपणे मिळाली त्यांनी तिचं काय केलं? लाल दिव्याच्या गाड्या आठवा. मंत्री, आमदार, अधिकारी, महामंडळाचे अध्यक्ष, आणि त्यांचे पाहुणेही. शाळेच्या पोरी फाट्यावर ताटकळत उभ्या आणि साहेबांची गाडी सायरन वाजवत निघून जायची, ती बहुतेक वेळा उद्घाटनाला. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की लाल दिवा फक्त घटनात्मक पदांवरच्या व्यक्तींसारख्या मोजक्यांनाच वापरता येईल. त्यानंतर केंद्र सरकारनं १ मे २०१७ पासून सगळ्याच मान्यवरांच्या गाड्यांवरचा दिवा काढला. दिवा राहिला तो तातडीच्या सेवांच्या वाहनांना. सवलत मोठेपणाची नसून कामाची आहे, एवढं मान्य व्हायला आपल्या देशात इतकी वर्षं लागली. ती पुन्हा ज्याच्या त्याच्या हातात दिली तर ती कुणाच्या हातात जाईल? ज्याच्याकडे गाडी आहे त्याच्या. आपल्या दोन्ही तालुक्यांत गाडी कुणाच्या नावावर असते आणि रस्त्याच्या कडेनं पायी कोण चालतं, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. डोक्यावर गवताचा भारा घेऊन डांबराच्या काठानं चालणारी बाई, कंपनीची बस पकडायला पहाटे महामार्ग ओलांडणारी पोरगी, नातवाला शाळेत सोडणारी म्हातारी. सूट सैल झाली की पहिला धक्का त्यांनाच बसणार.

म्हणून आपली मागणी बदलायला हवी. जीपला रुग्णवाहिकेचा हक्क द्या, असं म्हणून चालणार नाही. जिला गरज आहे ती बाई जीपमध्ये का बसली, रुग्णवाहिकेत का नाही, हा आपला प्रश्न असला पाहिजे.

त्या रात्री आम्ही १०८ ला फोन का केला नाही? मी स्वतःला हे पुन्हा पुन्हा विचारलं. महाराष्ट्रात ही सेवा २६ जानेवारी २०१४ ला सुरू झाली. ९३७ गाड्यांची योजना होती. त्यात २३३ गाड्या जास्त उपकरणांच्या आणि ७०४ प्राथमिक उपचारांच्या. सोबत डॉक्टर आणि सेवा मोफत. बाळंतपणासाठी त्याच्याही आधीची सोय आहे. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात गरोदर बाईला घरून दवाखान्यात, एका दवाखान्यातून दुसऱ्यात आणि बाळंत झाल्यावर परत घरी मोफत पोचवायचं आहे. त्यासाठी १०२ क्रमांक आहे. गावची की परगावची, असा भेद त्यात नाही. टोळीतल्या बाईचाही तो हक्क आहे.

मग फोन का गेला नाही? टोळीत दोनच फोन. एक मुकादमाकडे आणि तो कारखान्यावर गेलेला. दुसऱ्यात बॅलन्स नाही. असल्या फोनसाठी बॅलन्स लागत नाही, हे कुणाला माहीत नव्हतं. सासूला वाटत होतं, १०८ फक्त अपघाताला येते. एकाला वाटत होतं, पैसे पडतील. आणि मी, जिला हे सगळं माहीत होतं, मी घाईत फोन केला नाही कारण जीप समोर उभी होती. केला असता तरी पुढचा प्रश्न होताच. गाडी कुठे बोलावणार? "नदीकाठी, मोठ्या चारीच्या पलीकडे, बाभळीपासून डावीकडे" हा पत्ता आपल्याला कळतो, पुण्याच्या केंद्रात फोन घेणाऱ्या पोरीला कळत नाही. टोळीतल्या माणसांना तर शेजारच्या गावाचं नावही धड माहीत नव्हतं.

बाळंतपणात बाई का मरते याचा अभ्यास करणाऱ्यांनी १९९४ मध्ये तीन उशिरांची मांडणी केली होती. दवाखान्यात न्यायचं ठरवायला उशीर, तिथवर पोचायला उशीर आणि पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव दोन तासांतही जीव घेऊ शकतो, म्हणून यातला प्रत्येक उशीर मिनिटांत मोजायला हवा. वाहतुकीचा कायदा या तिन्हींपैकी फक्त मधल्या उशिरावर बोलतो. त्यातही तो गाडी रस्त्याला लागल्यानंतरचाच भाग धरतो. पहिला उशीर घरात होतो. सासरा म्हणतो, सकाळी बघू. नवरा म्हणतो, पैसे कुठून आणू. बाईला स्वतःला तर कुणी विचारतच नाही. इथं सायरनचा काही उपयोग नाही, इथं आपलं काम आहे.

आता रस्त्याकडे येऊ. आपले दोन तालुके म्हणजे दोन मोठे रस्ते आणि मधे भीमा. शिरूरकडून पुण्याला जाणारा नगर रस्ता. त्यावर रांजणगाव, शिक्रापूर, सणसवाडी, कोरेगाव भीमा, कंपन्यांचे कंटेनर आणि पाळी सुटायच्या वेळची गर्दी. दौंडच्या बाजूनं सोलापूर रस्ता. त्यावर कुरकुंभ, पाटस, वरवंड, चौफुला, यवत. दोन्हींना जोडणारा न्हावरा, पारगाव, चौफुला हा रस्ता, आणि त्यावर हंगामात उसाच्या गाड्या.

आमची बाळंतीण १०८ मधून पुण्याला गेली तेव्हा मी पुढे चालकाजवळ बसले होते. सायरन म्हणजे काय ते मला तेव्हा समजलं. मागचे ट्रक आरशात बघून कडेला होत होते. शिक्रापूरच्या चौकात एका पोलिसानं दुसऱ्या बाजूची गाड्यांची रांग अडवून आम्हाला काढून दिलं. दोन तासांपूर्वी जो रस्ता आमच्या जीपला एक इंचही जागा देत नव्हता, तो उघडत गेला. पण वाघोलीला सायरनही हरला. लोकांना वाट द्यायची होती, पण बाजूला व्हायला जागाच नव्हती. कडेला टपऱ्या, उभ्या केलेल्या गाड्या, त्यापलीकडे गटार. दंडाचं कलम कितीही कडक करा, रस्त्याला मोकळी कड नसेल तर माणूस गाडी कुठे नेणार?

दौंडच्या मैत्रिणींना आणखी एक अडचण आहे. रेल्वेमार्ग सोलापूर रस्ता आणि नदी यांच्या मधून जातो. नदीकाठच्या गावातून महामार्गाला यायचं तर रूळ ओलांडावे लागतात. कुठे पूल आहे, कुठे भुयारी मार्ग, कुठे फाटक. बंद फाटकापुढे रुग्णवाहिकेची कुठलीही सवलत चालत नाही. रेल्वेला ब्रेक मारून जागच्या जागी थांबता येत नाही, म्हणून १९८९ च्या रेल्वे कायद्यात बंद फाटक स्वतःच्या हातानं उघडणं हा कैदेचा गुन्हा आहे. तिथं उपाय एकच, पूल किंवा भुयारी मार्ग. आणि भुयारी मार्ग असेल तर त्यात पावसाळ्यात पाणी साठता कामा नये. गावच्या ग्रामसभेत हा विषय आपण मांडला पाहिजे. तो बाळंतपणाचा विषय आहे असं म्हणून मांडला पाहिजे.

हे होऊ शकत नाही असं कुणी म्हणू नये. दरवर्षी १ जानेवारीला कोरेगाव भीमाजवळच्या विजयस्तंभाला मानवंदना द्यायला लाखो लोक येतात. त्या दिवशी नगरकडून येणारी वाहतूक न्हावरा, पारगाव, चौफुला, यवत अशी आपल्याच रस्त्यानं वळवतात. पोलीस, आरोग्य खातं, एसटी, सगळे मिळून आधी आखणी करतात. तुकोबांच्या पालखीचे यवत आणि वरवंडला मुक्काम असतात. लाखो वारकऱ्यांनी रस्ता भरलेला असतो. पण मागून सायरन ऐकू आला की टाळ थांबतो, दिंडी कडेला होते आणि गाडी निघून जाते. त्यांना कुणी दंडाची भीती घातलेली नसते. म्हणजे आखणीही करता येते आणि वाटही देता येते. मग जी आखणी एक दिवसासाठी होते ती उसाच्या हंगामातल्या पाच महिन्यांसाठी का होऊ नये? कारखान्यानं प्रत्येक ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावल्याशिवाय ती काट्यावर घेऊ नये. ट्रॅक्टरवरची गाणी बंद असावीत. हे कारखान्याला सहज करता येईल. आपण सभासदांच्या बायका आहोत, काही जणी स्वतः सभासद आहोत.

अग्निशमनाची गाडी क्रमात पहिली का, असंही एकीनं विचारलं. कुरकुंभच्या एका रासायनिक कारखान्याला २०१९ च्या ऑगस्टमध्ये आग लागली होती, ती आठवा. रुग्णवाहिका एका जिवासाठी धावत असते. रसायनाची आग लागली तर आजूबाजूच्या सगळ्या वस्त्यांचा जीव टांगणीला लागतो. म्हणून तिला आधी वाट. आणि पोलिसांची गाडी क्रमात तिसरी असली तरी आपल्या दृष्टीनं कमी महत्त्वाची नाही. रात्री नवरा कुऱ्हाड घेऊन मागे लागला आहे आणि बाईनं ११२ ला फोन केला आहे, तर त्या गाडीलाही मोकळा रस्ता मिळायला हवा. आणि गाडीतल्या माणसांनाही ते काम तातडीचं वाटायला हवं. घरगुती भांडण म्हणून ती गाडी चहाला थांबली तर कायद्यानं दिलेली सवलत वायाच गेली.

तिसऱ्या उशिराबद्दलही दोन शब्द. गाडी दारात पोचली आणि दार उघडलं नाही तर? १९८९ मध्ये परमानंद कटारा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. स्कूटरवरून जाणाऱ्या एका माणसाला गाडीनं उडवलं होतं. त्याला जवळच्या दवाखान्यात नेलं, तर पोलीस केस आहे म्हणून वीस किलोमीटर दूरच्या दुसऱ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं आणि तो वाटेत मेला. न्यायालयानं सांगितलं की डॉक्टर सरकारी असो की खाजगी, जीव वाचवण्याचे उपचार आधी, कागद नंतर. या निकालाला कितीतरी वर्षं झाली. तरी अनामत भरा, आधार आणा, नवऱ्याची सही आणा, हे आपण आजही ऐकतो. प्रत्येक गटाजवळ या निकालाची एक प्रत असू द्या.

मोटारसायकलवरच्या त्या जोडप्याला टेम्पोवाल्यानं उचललं, हे मी सांगितलं. तो सारखा विचारत होता, "मला पोलिसांत तर ओढणार नाहीत ना?" अपघातातल्या माणसाला निःस्वार्थपणे मदत करणाऱ्याला त्रास देता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१६ मध्ये स्पष्ट केलं आणि २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १३४ अ मध्ये ते कायद्यात आलं. त्याच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. मात्र हे संरक्षण अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला आहे, आणि मदत करताना नियम मोडून दुसऱ्याला इजा करण्याचा तो परवाना नाही. जीपच्या पोराला ते लागू पडलं नाही. त्याच्या केसमध्ये "गाडी घाल असं मी सांगितलं" हा जबाब मी दिला आहे. त्यानं त्याची सुटका होईलच असं नाही. पण ओझं त्यानं एकट्यानं वाहू नये. आणि ज्या बाईचा हात मोडला तिला भरपाई मिळावी यासाठीही आपलाच गट दाव्यात मदत करतो आहे. काही जणी मला म्हणाल्या, एकाच वेळी दोन्ही बाजूंना कशा उभ्या राहता? मला त्या दोन बाजू वाटत नाहीत. जीपमधली बाईही मजूर आणि मोटारसायकलवरचीही मजूर. एकीसाठी रस्ता मागताना दुसरीचा हात मोडला, हे आपल्याला विसरता येणार नाही.

सवलतीचा गैरवापरही आपण बघायला शिकलं पाहिजे. रुग्णवाहिका रिकामी असताना, चहाला जाताना, सामान नेताना सायरन वाजवत असेल तर गाडीचा नंबर, वेळ, जागा लिहून परिवहन कार्यालयात आणि पोलिसांत तक्रार करा. कारण खोटा सायरन दहा वेळा ऐकला की अकराव्या वेळी खऱ्या सायरनलाही कुणी हलत नाही. पण तक्रार करताना चालकाचं जगणंही विचारा. कंत्राटावरचा माणूस, सलग पाळ्या, अपुरी झोप. झोप न झालेल्या माणसाच्या हातात वेगाची मुभा दिली तर काय होईल? त्याच्या कामाचे तास हा आपल्या सुरक्षिततेचाही प्रश्न आहे.

शेवटी कामाचं बोलते. जुनं निवेदन मी मागे घेते आणि त्याच्याऐवजी गटांनी पुढची कामं वाटून घ्यावीत असं सुचवते.

एक. हंगाम सुरू झाला की आपल्या शिवारात उतरलेल्या प्रत्येक टोळीला भेट द्यायची. गरोदर बायका किती, कितवा महिना, याची यादी आशाताईंना आणि आरोग्य उपकेंद्राला द्यायची. १०८, १०२ आणि ११२ हे क्रमांक प्रत्येक कोपीवर मोठ्या अक्षरात लिहायचे. बॅलन्स नसला तरी हे फोन लागतात, हे सांगायचं.

दोन. प्रत्येक वस्तीचा सांगता येईल असा पत्ता तयार करायचा. गावाचं नाव, जवळचा फाटा, शाळा किंवा देऊळ, गट नंबर. तो पाट्यावर रंगवायचा. फोन केल्यावर एकीनं फाट्यावर बॅटरी घेऊन उभं राहायचं.

तीन. रुग्णवाहिका मिळणारच नसेल आणि खाजगी गाडीनं जावं लागलं तर फोनवर केंद्राला तसं सांगायचं आणि वाटेत १०८ गाठता येईल का ते विचारायचं. गाडी नियमातच चालवायची. कितीही घाई असली तरी उलट बाजूनं घालायची नाही. हे मी तुम्हाला सांगते आहे ते मी केलेल्या चुकीवरून.

चार. ट्रॉलीचे रिफ्लेक्टर, महामार्गाच्या मोकळ्या कडा आणि रेल्वेचं फाटक या तीन गोष्टींचं एकच निवेदन दोन्ही तालुक्यांच्या तहसीलदारांना, कारखान्यांना आणि ग्रामसभांना द्यायचं.

पाच. आपल्या घरातल्या ट्रॅक्टर, टेम्पो, मोटारसायकल चालवणाऱ्या पुरुषांना आणि आता गाडी चालवणाऱ्या आपल्या मुलींनाही सांगायचं. सायरन ऐकला की डावीकडे व्हा, थांबा, जाऊ द्या. तिच्या मागोमाग आपली गाडी पळवू नका.

ज्या केडगावला पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या अनाथ पोरीबाळींना आसरा दिला, ते केडगाव आपल्या दौंड तालुक्यातलं. त्याच रमाबाईंनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सांगितलं होतं की या देशातल्या बायकांना बायका डॉक्टर हव्यात, नाही तर त्या उपचाराविना मरतात. तेव्हा प्रश्न होता दवाखान्यात कोण असेल याचा. आज दवाखाना आहे, कायदा आहे, गाडी आहे, मोफत आहे. प्रश्न राहिला आहे तो भीमेच्या काठच्या कोपीपासून डांबरी रस्त्यापर्यंतच्या अंतराचा. तेवढं अंतर आपल्याला आपल्याच पायांनी कमी करावं लागेल.

पुढच्या आठवड्यापासून टोळ्या यायला लागतील. कुठल्या गटानं कुठलं शिवार घ्यायचं ते आजच ठरवून उठू या. वही पुढे फिरवते आहे, नावं लिहा.